सी-नऊ कलम : सज्जतेच्या अनुदानात शिरलेली एक अट

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १०२ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. शिकागो ज्या कुक काउंटीत येते ती आणि तिच्या आसपासच्या काही वगळल्या, तर उरलेल्यांतील बऱ्याच काउंट्यांची वस्ती आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याहूनही कमी भरते. अशा काउंटीत रेडिओच्या मनोऱ्याखालील खोलीत एक रिपीटर असतो. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, गाडीतून किंवा अग्निशमन दलाच्या जवानाच्या हातातील वॉकीटॉकीवरून आलेला क्षीण संदेश उचलून पुढे पाठवणे, एवढेच त्याचे काम. हे यंत्र केंद्राच्या सज्जता अनुदानातून (आपत्ती किंवा हल्ल्याला तोंड देण्याच्या तयारीसाठी राज्यांना मिळणाऱ्या पैशातून) घेतलेले असेल आणि त्याची किंमत १०,००० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल, तर त्याची नोंद कशी ठेवायची हे नियमांनी ठरवून दिलेले आहे. अनुक्रमांक, कोणत्या अनुदानातून घेतले त्याचा क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत, ते कोठे बसवले आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, हे सगळे नोंदवहीत असावे लागते. शिवाय दोन वर्षांतून किमान एकदा कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन, यंत्रावरचा क्रमांक वहीतील क्रमांकाशी ताडून पाहावा लागतो. आपल्याकडे जडवस्तू संग्रह नोंदवही सांभाळलेल्या कोणत्याही कारकुनाला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

२०२५ च्या वसंतात याच अनुदानाच्या अटींत सी-नऊ हे नवे कलम आले. त्याचा आशय असा की, स्थलांतर अधिकाऱ्यांनी मागणी केल्यास स्थानिक तुरुंगातून सुटणाऱ्या परदेशी व्यक्तीला थोडा काळ अडकवून ठेवावे, त्यांच्या संयुक्त कारवायांत भाग घ्यावा आणि त्यांना माहिती पुरवावी. रिपीटरचा आणि तुरुंगातील कैद्याचा संबंध काय, हा प्रश्न वीस राज्यांनी आणि राजधानीच्या डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाने न्यायालयात नेला. ‘इलिनॉय राज्य विरुद्ध फेमा’ (फेमा म्हणजे केंद्राची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा) या नावाने ओळखला जाणारा हा दावा अनुदानाच्या अटी वाचणाऱ्या प्रत्येकाने सावकाश वाचण्याजोगा आहे. एरवी मंजुरीपत्राच्या शेवटी जोडलेल्या आणि कोणी न वाचलेल्या पानांत सत्ता कोठे दडलेली असते, हे त्यातून स्वच्छ दिसते.

एका छताखालची दोन खाती

या प्रकरणाचे मूळ २००२ च्या कायद्यात आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी संसदेने अंतर्गत सुरक्षेसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले आणि १ मार्च २००३ पासून २२ निरनिराळ्या यंत्रणा त्यात विलीन झाल्या. १९७९ पासून पूर, वादळे आणि भूकंप यांचे काम पाहणारी फेमा त्यांतली एक होती. स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणाही याच खात्यात आल्या. वादळात छत उडालेल्या घराला मदत देणारे आणि व्हिसा संपलेल्या माणसाला पकडणारे अशा रीतीने एकाच मंत्र्याच्या हाताखाली आले. तेव्हा ही प्रशासकीय सोय वाटली असेल. पुढे बावीस वर्षांनी एका खात्याची थैली दुसऱ्या खात्याच्या कामासाठी वापरण्याचा मार्ग मात्र तिनेच खुला केला.

सज्जतेच्या अनुदानांचा उगमही त्याच हल्ल्यात आहे. जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यांत शिरलेल्या अग्निशमन जवानांपैकी अनेकांपर्यंत बाहेर पडण्याचा आदेश रेडिओवरून पोहोचलाच नाही, आणि पोलीस व अग्निशमन दल यांच्यातही नीट संपर्क नव्हता, असे चौकशी आयोगाच्या २००४ च्या अहवालात नोंदवले आहे. त्या शिफारशींच्या अंमलबजावणीसाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्याने आजच्या अनुदानांची चौकट घातली. २०२५ च्या आर्थिक वर्षासाठी मुख्य कार्यक्रमाची रक्कम १००.८ कोटी डॉलर होती. त्यातील ३७.३५ कोटी राज्यांसाठी, ५५.३५ कोटी धोका अधिक असलेल्या महानगरांसाठी आणि ८.१ कोटी सीमाभागातील सुरक्षेच्या ‘स्टोनगार्डन’ नावाच्या योजनेसाठी ठेवलेले होते. हे शेवटचे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

जुन्या अटी

नव्या कलमाकडे वळण्यापूर्वी जुन्या अटी पाहिल्या पाहिजेत, कारण राज्यांनी अटी मान्य करण्यासच नकार दिला अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. वीस वर्षे ही राज्ये डझनावारी अटींवर सही करत आली आणि त्यांतल्या काही चांगल्याच जाचक आहेत.

पैसा आधी राज्याच्या नेमलेल्या यंत्रणेकडे येतो. राज्याच्या आणि महानगरांच्या अनुदानातील किमान ८० टक्के रक्कम राज्याने ४५ दिवसांच्या आत स्थानिक संस्थांकडे पाठवलीच पाहिजे. राज्याच्या राजधानीत पैसा मुरू नये, हा या अटीचा सरळ हेतू. एकूण रकमेपैकी किमान एक चतुर्थांश भाग दहशतवाद रोखण्याच्या पोलिसी कामासाठी राखून ठेवावा लागतो. फेमाने हे प्रमाण २०२२ मध्ये ३० आणि २०२३ मध्ये ३५ टक्क्यांवर नेले. व्यवस्थापनाचा खर्च ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. लोकसंख्या कितीही कमी असो, प्रत्येक राज्याला एकूण निधीच्या ०.३५ टक्के वाटा मिळालाच पाहिजे. दर तीन वर्षांनी आपल्या भागातील धोक्यांचे मोजमाप करून ते कळवावे लागते. मनोरा उभारायचा असेल तर जमिनीला कुदळ लावण्यापूर्वी पर्यावरण आणि ऐतिहासिक वारसा या दोन्ही अंगांनी तपासणी व्हावी लागते.

या सगळ्यांत मला सर्वांत विचारपूर्वक घातलेली वाटते ती स्वतःच्या खर्चाची जागा अनुदानाने भरू नये ही अट. काउंटी आपल्या अंदाजपत्रकातून दरवर्षी दोन जवानांचे पगार देत असेल, तर अनुदान येताच ते पगार त्यातून भागवून आपला पैसा रस्त्यांकडे वळवणे चालत नाही. अनुदानाने सज्जतेत भर पडली पाहिजे, नुसती खतावणीतील जागा बदलून उपयोग नाही. लेखापरीक्षक या मुद्द्यावर मागच्या वर्षीचे अंदाजपत्रक मागवतात आणि ओळीला ओळ लावून पाहतात. आपल्याकडे उपयोगिता प्रमाणपत्रात ‘रक्कम ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाली त्याच प्रयोजनासाठी खर्च झाली’ असे लिहून देतात. त्याच्या एक पाऊल पुढची ही अपेक्षा आहे.

खात्याच्या सर्व अनुदानांना लागू होणाऱ्या ‘प्रमाणित अटी व शर्ती’ नावाच्या दस्तऐवजात याहून चमत्कारिक गोष्टीही सापडतात. अनुदानाच्या पैशातून परदेशप्रवास करायचा असेल तर शक्यतो अमेरिकी कंपनीच्या विमानानेच करावा. परिषद भरवायची असेल तर ते हॉटेल १९९० च्या अग्निसुरक्षा कायद्यात बसणारे असावे. वाहन चालवताना फोनवर संदेश टंकू नये असे धोरण आखावे. कामाची जागा अमली पदार्थांपासून मुक्त ठेवावी. वाचणाऱ्याला हसू येईल, पण हॉटेलच्या अटीविरुद्ध कोणतेही राज्य न्यायालयात गेल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण मला असे दिसते की, या दस्तऐवजातील बहुतेक कलमे आपल्या आईचे नाव सांगतात, म्हणजे कोणत्या वर्षीच्या कोणत्या कायद्याने किंवा आदेशाने हे बंधन घातले ते त्या कलमातच लिहिलेले असते. खाते तेथे केवळ टपालवाल्याचे काम करते. संसदेने आधीच ठरवलेली गोष्ट ते अनुदान घेणाऱ्याच्या हातात ठेवते.

नवे कलम

२० जानेवारी २०२५ रोजी सत्तेवर आलेल्या प्रशासनाने पहिल्याच दिवशी काढलेल्या आदेशात स्थलांतराच्या अंमलबजावणीत सहकार्य न करणाऱ्या ठिकाणांचा केंद्रीय निधी रोखण्याचा इरादा व्यक्त केला होता. १९ फेब्रुवारीला अंतर्गत सुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांनी खात्याच्या अनुदानांबाबत त्याच आशयाचे टिपण काढले. मार्चच्या अखेरीस आणि पुन्हा १८ एप्रिलला प्रमाणित अटींची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्या ‘सी’ विभागातील नवव्या कलमाला ‘खात्याशी व स्थलांतर अधिकाऱ्यांशी संपर्क आणि सहकार्य’ असे वरवर निरुपद्रवी वाटणारे शीर्षक होते.

या कलमाची पहिली मागणी तुलनेने जुनी होती. व्यक्तीच्या नागरिकत्वाची किंवा स्थलांतर-स्थितीची माहिती केंद्राला देण्यास स्थानिक शासनाने आडकाठी करू नये असे १९९६ चा कायदा म्हणतो, आणि त्याचे पालन करावे अशी ती मागणी. त्यापुढची वाक्ये मात्र कोणत्याही कायद्यातून उचललेली नव्हती. संयुक्त कारवायांत भाग घ्या, माहिती द्या, डिटेनर आल्यास व्यक्तीला अल्पकाळ ताब्यात ठेवा, अटकेतील व्यक्तीची भेट घेऊ द्या, कारवाईची वाच्यता करू नका, अशा त्या मागण्या होत्या. डिटेनर म्हणजे स्थलांतर यंत्रणेने स्थानिक तुरुंगाला पाठवलेली विनंती: या माणसाची सुटका होणार असेल तर त्याला ४८ तासांपर्यंत आणखी ठेवा, आम्ही येऊन घेऊन जातो. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. तो स्थानिक यंत्रणेवर बंधनकारक नसून विनंतीच आहे, असे एका संघीय अपील न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले होते. जी गोष्ट कायद्याने विनंती ठरते, तिला अनुदानाच्या अटीतून हुकमाचे रूप द्यावयाचे होते.

कलमाला दात होते ते पुढच्या दोन परिच्छेदांत. अनुदान घेणाऱ्याने या अटींचे पालन करू असे खोटी शपथ घेतल्याच्या शिक्षेला पात्र राहून प्रमाणित करायचे होते, आणि ज्यांना पुढे पैसा दिला जाईल त्या प्रत्येक उप-अनुदानधारकाकडून तसेच प्रमाणपत्र घ्यायचे होते. शिवाय हे पालन ही पैसे देण्याच्या निर्णयातील कळीची बाब आहे, असेही मान्य करायचे होते. हा शेवटचा शब्दप्रयोग वकिलांनी जाणूनबुजून निवडलेला आहे. अमेरिकेत १८६३ पासून शासनाकडे खोटा दावा करून पैसे घेण्याविरुद्ध कायदा आहे आणि त्याखाली तिप्पट नुकसानभरपाई वसूल होऊ शकते. चूक ‘कळीच्या’ बाबीत झाली हे सिद्ध करणे ही त्यातली मुख्य पायरी असते. ती पायरी येथे अटीतच आगाऊ चढून ठेवलेली होती.

उप-अनुदानधारक म्हणजे फक्त काउंट्या आणि पोलीस खाती, असेही नाही. धार्मिक आणि अन्य बिगर-नफा संस्थांना कॅमेरे, भक्कम दारे, कुंपण यांसाठी दिले जाणारे सुरक्षा अनुदानही राज्याच्या यंत्रणेमार्फतच जाते. अमेरिकेतल्या मराठी वाचकांपैकी जे एखाद्या मंदिराच्या किंवा मंडळाच्या कार्यकारिणीवर असतील, त्यांनी हे स्वतःला लावून पाहावे. दरवाजाला कॅमेरा बसवण्यासाठी अर्ज करणाऱ्या खजिनदाराने स्थलांतर यंत्रणेशी सहकार्य करण्याचे शपथेवर प्रमाणपत्र द्यायचे, असा या साखळीचा शेवटचा दुवा होत होता.

इलिनॉयची अडचण

इलिनॉयला ही सही करणे राजकीयदृष्ट्या गैरसोयीचे होते हे खरेच, पण त्याआधी ते कायद्याने अशक्य होते. २०१७ मध्ये तेथे ‘ट्रस्ट’ नावाचा कायदा झाला. केवळ डिटेनरच्या किंवा न्यायाधीशाची सही नसलेल्या वॉरंटच्या आधारे स्थानिक पोलिसांनी कोणालाही ताब्यात ठेवू नये, असे तो सांगतो. त्यावर सही करणारे गव्हर्नर ब्रूस राउनर रिपब्लिकन पक्षाचे होते, हे आजच्या वातावरणात मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेच्या प्रमुखाने अट स्वीकारली, तर राज्याचा कायदा मोडण्याचे वचन शपथेवर दिल्यासारखे होते. न स्वीकारली, तर वर्षाअखेर १०२ काउंट्यांपैकी कोणालाच पैसा जाणार नव्हता. या अनुदानांवर बॉम्बनाशक पथके, शोध व बचाव दले, सायबर सुरक्षेची कामे आणि आपत्ती व्यवस्थापनातील कर्मचाऱ्यांचे पगार चालतात. रिपीटर तर त्यातला लहानसा भाग.

सही करून नंतर अट मोडायची, हा पळवाटेचा मार्ग तिप्पट भरपाईच्या कायद्याने बंद झाला होता. १३ मे २०२५ रोजी इलिनॉय, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि ऱ्होड आयलंड यांच्या पुढाकाराने ऱ्होड आयलंडमधील संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. त्याच दिवशी वाहतूक खात्याच्या अनुदानांतील तशाच अटींविरुद्ध दुसरा दावाही तेथेच दाखल झाला आणि त्यात जूनमध्येच अंतरिम मनाई मिळाली.

खर्चाधिकाराची मर्यादा

अमेरिकी संघशासन राज्यांना हुकूम सोडू शकत नाही. १९९७ मध्ये मोंटाना आणि ॲरिझोनातील दोन शेरीफांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बंदूक विकत घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचे केंद्राचे काम शेरीफांवर लादता येणार नाही. मात्र पैसा देऊन, अट घालून तेच काम करवून घेता येते; यालाच खर्चाधिकार म्हणतात. या वाटेची कुंपणे १९८७ च्या साउथ डकोटाच्या खटल्यात आखली गेली. मद्यपानाचे किमान वय २१ न केल्यास महामार्ग-निधीतील ५ टक्के रक्कम कापू, अशी ती अट होती आणि न्यायालयाने ती वैध ठरवली. अट संदिग्ध नसावी, तिचा त्या निधीच्या प्रयोजनाशी संबंध असावा, ती राज्यघटनेतील अन्य तरतुदींच्या आड येऊ नये आणि आमिषाचे रूपांतर सक्तीत होऊ नये, अशा कसोट्या सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी घालून दिल्या. दारू पिऊन गाडी चालवणारी तरुण मुले महामार्गावरच मरतात, म्हणून संबंध होता. आणि पणाला लागलेली रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती, म्हणून सक्ती नव्हती.

२०१२ मध्ये मात्र पारडे दुसरीकडे झुकले. गरिबांच्या आरोग्ययोजनेचा विस्तार न केल्यास जुना निधीही काढून घेऊ ही धमकी राज्याच्या एकूण अंदाजपत्रकाच्या दहा टक्क्यांहून अधिक रकमेची होती. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तिला डोक्याला लावलेल्या पिस्तुलाची उपमा दिली.

या कसोट्यांवर सी-नऊ घासून पाहताना खात्याच्या बाजूचा सर्वांत सशक्त मुद्दा आधी मांडला पाहिजे. स्थलांतराची अंमलबजावणी हे याच खात्याचे वैधानिक काम आहे, सीमेवरून येणारा धोका हा सुरक्षेचाच धोका आहे, तेव्हा अट अगदीच परकी आहे असे म्हणता येणार नाही. स्टोनगार्डनपुरते हे मला पटते. ती योजना सीमासुरक्षेसाठीच आहे आणि त्या पैशातून गस्त घालणाऱ्या शेरीफकडून सीमा यंत्रणेशी सहकार्याची अपेक्षा करणे कोणालाही वावगे वाटणार नाही. पण खात्याने असा भेद केलाच नाही. पुराच्या पुनर्वसनाला, भूकंपाच्या तयारीला, धरणाच्या सुरक्षेला आणि सीमेवरच्या गस्तीला त्याने एकच शिक्का मारला.

निकाल

२४ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीश विल्यम स्मिथ यांनी साक्षीपुराव्याची सुनावणी न घेता, कागदपत्रांच्या आधारे राज्यांच्या बाजूने अंतिम निकाल दिला. स्मिथ यांची नेमणूक जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीतली आहे. निकाल दोन पायांवर उभा आहे.

पहिला पाय प्रशासकीय कायद्याचा. शासनाच्या यंत्रणेने निर्णय घेताना विचार केला असल्याचे दिसले पाहिजे, अन्यथा तो मनमानी व लहरी ठरतो. खात्याने जवळजवळ सर्व अनुदानांना सरसकट अट लावली, तिचे समाधानकारक कारण दिले नाही, राज्ये वर्षानुवर्षे या निधीवर विसंबून आपली आखणी करत आली याचा विचार केला नाही आणि आपल्याच दीर्घकालीन प्रथेपासून फारकत घेतली, असे न्यायालयाला आढळले. दुसरा पाय राज्यघटनेतील खर्चाधिकाराचा. अट निधीच्या प्रयोजनाशी जुळवून घेतलेली नाही, ‘सहकार्य’ आणि ‘संयुक्त कारवाया’ हे शब्द इतके मोघम आहेत की कशाला हो म्हणत आहोत हे राज्यांना कळू शकत नाही, आणि आपत्तीच्या निधीवर टांगती तलवार ठेवणे ही सक्ती आहे. आपत्तीच्या वेळी हातात नसलेला पैसा नंतर मिळून नुकसान भरून येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले आणि वादी राज्यांपुरता कायमचा मनाई हुकूम काढला.

वर्तमानपत्रांनी घटनात्मक भागाला ठळक मथळे दिले. अनुदाने चालवणाऱ्या माणसाने मात्र पहिला भाग दोनदा वाचावा असे मी सुचवीन. घटनेच्या प्रश्नावर वरची न्यायालये वेगळे मत देऊ शकतात. सक्ती नेमकी कोठून सुरू होते याचे गणित १९८७ पासून कोणालाही नीट मांडता आलेले नाही. परंतु प्रत्येक योजनेसाठी ही अट का, याचे उत्तर देणारी टिपणी फाइलवर नसणे, ही उणीव वकिलाच्या युक्तिवादाने भरून निघत नाही. ज्याने मंत्रालयात एक वर्ष काढले आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. टिपणी नंतर लिहिता येते, पण तिच्यावर मागची तारीख घालता येत नाही.

निकालानंतरचे दिवस

संघशासनाचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते आणि त्या वर्षीची मंजुरीपत्रे अखेरच्या आठवड्यातच निघत होती. त्यांत वादी राज्यांसाठी खात्याने सी-नऊ वगळले नाही. त्याला एक शेपूट जोडले: मनाई हुकूम आहे तोवर ही अट लागू नाही, मात्र हुकमाला स्थगिती मिळाली किंवा तो रद्द झाला तर अट तत्काळ अमलात येईल. राज्यांनी आज सही करायची ती उद्याच्या संभाव्य बंधनासह. ती पुन्हा न्यायालयात गेली आणि ऑक्टोबरच्या मध्यात न्यायाधीश स्मिथ यांनी हे शेपूटही काढायला लावले. राज्यांना धाकदपटशा करण्याचा हा ओबडधोबड प्रयत्न आहे, अशा आशयाची त्यांची भाषा एरवीच्या न्यायालयीन संयमाहून बरीच कडक होती.

दरम्यान दुसरी आघाडी उघडली होती. अट लावता येत नाही म्हटल्यावर रक्कमच बदलली गेली. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आलेल्या मंजुरीपत्रांत इलिनॉय, न्यू यॉर्क आणि अन्य काही राज्यांचा वाटा आधी जाहीर केलेल्या आकड्यांपेक्षा मोठ्या प्रमाणावर घटवलेला होता. राज्यांच्या दाव्यानुसार हा फरक एकूण २३.३ कोटी डॉलरचा होता आणि तो पैसा इतर राज्यांकडे वळवण्यात आला होता. २९ सप्टेंबरला दावा दाखल झाला, दुसऱ्याच दिवशी न्यायाधीश मेरी मॅकेलरॉय यांनी तात्पुरती मनाई दिली आणि डिसेंबरमध्ये त्यांनी राज्यांच्या बाजूने निर्णय दिला. घाई समजण्याजोगी होती. वर्ष संपल्यावर न वाटलेला निधी हाताबाहेर जाण्याची भीती असते, आणि मार्चअखेरीची धावपळ पाहिलेल्या मराठी माणसाला ती वेगळी सांगायला नको.

मनाई हुकमाचे क्षेत्र वादी राज्यांपुरतेच राहिले. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी मनाई हुकमांवर मर्यादा घातल्या होत्या, त्यामुळे स्मिथ यांच्या निकालाची भिंत इलिनॉयच्या सीमेपाशीच थांबते. पलीकडच्या इंडियाना राज्यातील काउंटीला या निकालाचे संरक्षण नाही.

या गदारोळात एक बदल मात्र त्या मानाने कमी चर्चिला गेला. पैसा खर्च करण्याची मुदत पूर्वी ३६ महिने असे. २०२५ च्या मंजुरीपत्रांत ती १२ महिन्यांवर आली. याविरुद्धही काही राज्ये ओरेगॉनच्या संघीय न्यायालयात गेली. या अटीत स्थलांतराचा शब्दही नाही, वाचताना ती निव्वळ हिशेबी वाटते, पण रिपीटरच्या बाजूने पाहिले तर तीच अधिक बोचणारी. मंजुरी ऑक्टोबरच्या तोंडावर येते. राज्याने स्थानिक वाटप करायला घेतलेले ४५ दिवस जाता नोव्हेंबर अर्धा उलटतो. मग काउंटी मंडळाचा ठराव, निविदा, पुरवठादाराची प्रतीक्षायादी. मनोऱ्याचा नवा पाया घ्यायचा असेल तर पर्यावरण तपासणीची संमती येईपर्यंत कुदळ लावता येत नाही, आणि संमती जानेवारीत आली तर इलिनॉयची जमीन तेव्हा गोठलेली असते. पाया खणायला मार्च-एप्रिल उजाडतो. त्यानंतर मनोरा, केबल, यंत्रे बसवणे, शेजारच्या काउंट्यांशी जोडणी आणि चाचणी हे सगळे सप्टेंबरच्या आत उरकायचे, आणि नोंदवहीत अनुक्रमांक, स्थान व स्थिती लिहायची.